म्हातारा पिचर विकला गेला तो मोसम

३ जून, मंगळ.

हरलो, ९–१. सलग सहावी. गटात पाच टीम, आपण पाचवे.

पावणेसातची कंपनीची बस, बिशानहून, आम्ही राहतो तिथून. मिलिंद खिडकीशी, मी कडेला. मोबाइल त्याच्या गुडघ्यावर, इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इकडे सकाळ, त्यामुळे मॅच बसमध्येच सापडते. तुआसची फॅक्टरी येईपर्यंत तीनेक इनिंग होतात. उरलेली कँटीनमध्ये, चहा पिताना.

दहा वर्षं झाली हा बेसबॉलचा रोग लागून. अमेरिकेतल्या प्लँटवर दोघं एकाच वेळी होतो. तळ्याकाठचं गार शहर, संध्याकाळी करायला काही नाही, स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ, आणि टीम इतकी हरायची की कुठल्याही खुर्चीवर बसा, कोणी उठवायचं नाही. तेव्हापासून हीच टीम.

मि. आज म्हणाला, "जिंकणारी धरली असती तर इतकी वर्षं पाहिलं असतं का बे आपण?" नागपूर सोडून वीस वर्षं झाली तरी त्याचं 'बे' काही सुटत नाही.

१२ जून, गुरु.

म्हातारा जिंकला. आम्ही त्याला म्हाताराच म्हणतो. सदतीस वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, बारा मोसम याच टीमकडे. चेंडूला वेग उरलेला नाही, पण फसवतो. आज सात इनिंग टाकल्या, एक रन दिला.

मि. मूठ आवळून बसला. पुढच्या सीटवरचा राघवन वळून बघत होता. राघवनही मि.सारखा माझ्याच हाताखाली. गेल्या वर्षी त्याची दोन ड्रॉइंग चुकली, ती मि.नं शनिवारी येऊन दुरुस्त केली. मि.नं कधी कोणाला सांगितलं नाही. मला माहीत आहे.

२६ जून, गुरु.

डायरेक्टर मिसेस कोहनी बोलावलं. दार लावायला सांगितलं.

ऑर्डर घटल्यात. एक लाइन व्हिएतनामला जाणार. माझ्या अकरा जणांतले दोघं कमी करायचे. सगळ्यांना गुण द्यायचे, नावं महिन्याच्या आत. ऑगस्टपर्यंत कोणाला कळता कामा नये.

उठताना म्हणाल्या, "मिलिंद तुझा जवळचा मित्र, राइट? आय ट्रस्ट यू टु बी फेअर." साधंच बोलल्या. दिवसभर कानात आहे.

२७ जून, शुक्र.

जिंकलो म्हणे. मी स्क्रीनकडे बघत होतो पण

५ जुलै, शनि.

मि.कडे जेवायला, आम्ही दोघं नवरा-बायको. आमच्यापासून तिसरा ब्लॉक. सुजातानं भरली वांगी, भाकरी. मेधाला दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लावलं. त्यांची यशू नववीत, इथल्या हिशेबानं सेक थ्री. पुढच्या वर्षी ओ लेव्हल. तिचे आई-बाप ह्या एका परीक्षेभोवती दोन वर्षं आखून बसलेत. यशू मला म्हणाली, "काका, युअर टीम कन्फर्म लूज लाह. व्हाय यू ऑल स्टिल वॉच?"

मि. हसत होता. मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. मेधानं परत येताना विचारलं, काय झालं. म्हटलं, ॲसिडिटी.

१८ जुलै, शुक्र.

नऊ जणांचे गुण देऊन झाले. एक नाव उघड आहे, त्याला स्वतःलाच जायचंय. दुसऱ्यासाठी राघवन किंवा मि.

मि. त्याच लाइनवर आहे जी जाणार. कागदावर ते कारण पुरतं. पण दोन महिन्यांत तो कुठलीही लाइन शिकेल, राघवनला चार वर्षांत स्वतःची आली नाही.

टीम ३८ जिंकल्या, ५७ हरल्या. गटात पाचवी.

२४ जुलै, गुरु.

दिली नावं. मि. १०० पैकी ६१. राघवन ६४. सही केली.

मिसेस कोह म्हणाल्या, "दॅट मस्ट हॅव बीन हार्ड." मी म्हणालो, लाइनच जाते आहे, दुसरं काय करणार.

संध्याकाळच्या बसमध्ये मि. शेजारीच. त्याला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी ते हलवलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.

म्हाताऱ्याला विकलं. खेळाडू अदलाबदल करायची मुदत आज पहाटे संपली, आणि शेवटच्या तासात तो गेला. त्याच्या बदल्यात विशीतली तीन पोरं, ज्यांची नावंही आम्हांला माहीत नाहीत.

बसमध्ये मि. ती क्लिप परत परत लावत होता. म्हातारा डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांपाशी, एकेकाला मिठी मारतोय, कॅप काढून हातात धरलीय, कुठं ठेवावी ते कळत नाहीये.

"याला कोणी सांगितलं असेल बे? कोचनं? की टीव्हीवरच दिसलं?"

मी म्हटलं, कोचनंच सांगितलं असेल.

"कोचला आधीपासून माहीत असेल ना पण. रोज त्याच्यासोबत बसून जेवत असेल."

मी खिडकीबाहेर बघितलं. जुरॉन्गचे क्रेन. मला वाटतं मी तेव्हा सांगायला हवं होतं. एचआर पाच तारखेला सांगणारच आहे; चार दिवसच आधी, पण आधी.

५ ऑगस्ट, मंगळ.

आज सांगितलं त्याला. एचआरनं, मिसेस कोहनी. मी खोलीत नव्हतो. मला 'गरज नाही' म्हणाले आणि मी आग्रह केला नाही.

बाहेर आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबला. "२९ला शेवटचा दिवस. मग वर्क पास रद्द, तीस दिवसांत देश सोडायचा." हे त्यानं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की जणू दुसऱ्याचं. मग म्हणाला, "समितीनं ठरवलं म्हणतात. तुला माहीत होतं?"

नाही म्हणालो.

६ ऑगस्ट, बुध.

वाटलं आज तो वेगळा बसेल. शेजारीच बसला, मोबाइल काढला, इअरफोनचं टोक माझ्यासमोर धरलं. घेतलं.

जिंकलो, ४–३.

१९ ऑगस्ट, मंगळ.

गेल्या बारापैकी दहा जिंकल्या. ती तीन पोरं काय खेळताहेत. एकानं आज दोन होम रन मारले. गटात तिसरे.

मि.: "म्हातारा गेला अन् टीम चालायला लागली. काढायलाच पाहिजे होतं म्हणून राहिले लोक." थोड्या वेळानं, "खरंच असेल."

त्याच्या इथल्या मुलाखती चालू आहेत, सहा झाल्या. दोघांनी वय विचारलं, बाकीच्यांनी विचारलं नाही. नवा पास मिळवून देणारी कंपनी तीस दिवसांत सापडायची. म्हातारा नव्या टीमकडे गेल्यापासून तीनदा हरला. तेही तो बघतो, घरी जाऊन.

२९ ऑगस्ट, शुक्र.

मि.चा शेवटचा दिवस. कँटीनमध्ये केक. राघवन रडला. खरंच रडला.

चार वाजता एचआरकडे कागदांवर सह्या करायला गेला. त्यानं गुण बघायला मागितले असणार, किंवा फाइल समोर उघडी असेल. माहीत नाही. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला करतात तशी. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं एकटाच बसला. बिशानला माझ्याआधी उतरला.

फाइलवर सही एकच आहे. समिती वगैरे काही नव्हतं.

३ सप्टें., बुध.

बसमध्ये एकटा. मॅच लावली नाही. नंतर बघितलं, जिंकलो. गटात दुसरे.

मेधाला सांगितलं सगळं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "राघवनचं नाव का नाही दिलंस?"

म्हटलं, आपल्या माणसाला वाचवलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

"कोणी म्हटलं असतं?"

कोणीच नसतं म्हटलं बहुतेक. मिसेस कोहना राघवनचं काम माहीत आहे. मी नुसता घाबरलो. मॅनेजर होऊन दोनच वर्षं झाली, आणि त्या एका वाक्यानं मी माझा सगळ्यांत चांगला माणूस उचलून दिला. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

१४ सप्टें., रवि.

गेलो त्यांच्याकडे. फोन न करता, कारण केला असता तर तो नको म्हणाला असता.

दारात खोकी. सोफा गेलेला. यशू तिच्या खोलीत, दार बंद. सुजातानं दार उघडलं, म्हणाली, "या भाऊजी. चहा ठेवते." नेहमीच्याच आवाजात. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मि. जमिनीवर बसून पुस्तकं बांधत होता. मीही बसलो. सुतळी धरली.

"राघवन माझ्यापेक्षा बरा आहे?"

"तुझी लाइन जात होती रे."

"लाइन सोड. बरा आहे?"

मी सुतळी ताणून धरली.

त्यानं गाठ मारली. मग हळू बोलला, सुजाताला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "शाळेपासून बघून राहिलो मी, अभय. यादी लागली की लोक आधी माझं आडनाव पाहतात, मग गुण. तुझ्यासोबत होतो तेव्हा हे मला आठवत नव्हतं. दहा वर्षं."

इतकी वर्षं अभ्या म्हणायचा. आज अभय.

चहा घेतला. निघालो. यशूच्या दारावरून जाताना आतून काही आवाज नव्हता. तिला नागपूरला नेताहेत, तिथं दहावीला घालायचं का अजून काय ते ठरलेलं नाही. हिंदी-मराठी तिला लिहिता येत नाही.

माझ्या मनात आडनावाचं काही नव्हतं, असं लिहायला बसलो होतो. पण हे लिहून मी कोणाला दाखवणार आहे. राघवन बोलला असता, तक्रार केली असती. मि. करणार नाही असं मी धरून चाललो. का धरलं, ते

२० सप्टें., शनि.

जिंकलो. प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, एक जागा शिल्लक, आम्ही आणि आणखी एक टीम बरोबरीत. दहा वर्षांत इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. कोणाला सांगायचं. मेधा म्हणाली, मला सांग. सांगितलं. तिनं नीट ऐकलं, प्रश्नही विचारले. मग मीच विषय बदलला.

२७ सप्टें., शनि.

गेले. मेधा विमानतळावर गेली होती. मी नाही. मी येऊ का असा मेसेज केला होता, सुजाताचं उत्तर आलं, "मेधाताई येताहेत ना, पुरे."

मेधा सांगत होती, यशू आत जाईपर्यंत मैत्रिणींशी बोलत होती, एकदम नॉर्मल, आणि पासपोर्ट दाखवायच्या रांगेत गेल्यावर एकदाही मागं वळली नाही.

२९ सप्टें., सोम.

उठल्या उठल्या निकाल बघितला. शेवटची मॅच जिंकलो, प्लेऑफमध्ये आलो. बस सुरू होऊन कालव्यापलीकडे जाईपर्यंत मला काहीच वाटलं नाही.

दुपारी जेवायच्या सुटीत मि.ला ईमेल लिहिली. मॅचबद्दल एक शब्द नाही. "राघवन तुझ्यापेक्षा बरा नव्हता. मला माहीत होतं. मी घाबरलो, आणि तू काही बोलणार नाहीस असं धरलं. पाच ऑगस्टला तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो." एवढंच. माफ कर असं लिहून खोडलं. ते त्याच्याकडून काहीतरी मागितल्यासारखं वाटलं.

पाठवली.

१ ऑक्टो., बुध.

प्लेऑफची पहिली हरलो, ६–०. तीनपैकी दोन जिंकायच्या. मि.कडून काही नाही.

२ ऑक्टो., गुरु.

दुसरी जिंकलो, २–१. उद्या शेवटची.

संध्याकाळी मि.ची मेल. वर माझी ईमेल तशीच, त्याबद्दल अक्षर नाही.

"पुण्याच्या एका कंपनीत जवळपास ठरलं आहे. आधीचा मॅनेजर म्हणून तुझं नाव द्यावं लागलं. उद्या अकरा वाजता तुमच्या वेळेनं त्यांचा फोन येईल. कामाबद्दल विचारतील, आणि मग का काढलं ते विचारतील. जे खरं आहे ते सांग."

चारदा वाचली. मेधाला दाखवली. ती म्हणाली, "कंपनीचा नियम काय आहे?"

नियम सरळ आहे. किती वर्षं काम केलं ते सांगायचं आणि कागदावरचं कारण सांगायचं. त्यापलीकडे एक शब्द बोललो आणि तो फिरून मिसेस कोहकडे आला, तर पुढच्या यादीला नाव शोधावं लागणार नाही. आणि कागदावरचं कारण मि.ला अपायही करत नाही. लाइन बंद झाली, माणूस चांगला. कोणालाही पटेल. मेधा म्हणाली, मग तेवढंच सांग की. मग थांबली आणि म्हणाली, "पण त्यानं खरं सांग का लिहिलं असेल?"

तेवढ्यात वरण उतू गेलं.

कागदावरचं कारण मला पाठ आहे. दुसरं मी लिहिलंय दोनदा, पण बाहेरच्या माणसाला मोठ्यानं अजून सांगितलेलं नाही.