बाळाला घेऊन बँकॉकला

मंगळ. ११ नोव्हें.
बॅग भरली, रिकामी केली, परत भरली. साड्या तीनच. चिवडा, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू. शनिवारी एकादशी, म्हणून राजगिऱ्याचे लाडू वेगळ्या डब्यात, दशम्यांचा वास लागू नये.

बँकॉक. लिहितानाही हसू येतं. एकोडीची बाई बँकॉकला. ही सगळी सविताच्या डोक्यातली गोष्ट. दहावीपर्यंत एका बाकावर होतो. ती पुढं शिकली, साकोलीला मास्तरीण झाली, पुढच्या वर्षी रिटायर. तिला तिथले बुद्ध पाहायचेत, पण एकटीनं नाही. शेजारच्या किराणा दुकानवाल्या कुंदाला विमानात बसायचं आहे, मग ते कुठंही जावो. मला काय पाहायचं आहे ते अजून ठरलं नाही. ह्यांनी धानाची मळणी सुरू असतानाही "जाय" म्हटलं. दुसरा शब्द नाही.

प्रश्न बाळाचा. घरची रीत अशी की बाळकृष्णाला जी न्हाऊ घालते, तिच्यासोबत तो जातो. सासूबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा पदराच्या गाठीत बांधून नेला होता. दवाखान्यात उशाशी ठेवला होता. आता त्यांचे हात थरथरतात, सेवा माझ्याकडे आली. म्हणजे बाळही बँकॉकला. त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. आज जेवताना म्हणाल्या, "तू हरपली त पोलीस आनतीन तुले शोधून. बाळ हरपला त घरात पाय नोको ठेवू."
हसल्या नाहीत. मीही नाही.

गुरु. १३ नोव्हें. हावडा
काल वरठी स्टेशनवरून गाडीत बसलो. कलकत्त्याहून विमान स्वस्त पडतं, हे सविताच्या मुलानं शोधलं. कुंदानं गोंदिया यायच्या आत चिवडा उघडला. तिला म्हटलं, बाई, चार दिवस पुरवायचा आहे. म्हणते, "घरी तराजू असतेच हाताखाली, इथं तरी मोजू नोको देऊ."

बाळ पितळी डबीत, डबी पर्समध्ये, पर्स पोटाशी. गाडीत आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसलं. प्रवासात चालतं.
सविता खिडकीशी वाचत होती. मधेच विचारते, "तुहा बाळ झोपला का?" चिडवत होती की खरंच विचारत होती, कळलं नाही. झोपला म्हटलं.

शुक्र. १४ नोव्हें.
पोचलो. देवाची कृपा.
कलकत्त्याच्या विमानतळावर मशीनमध्ये डबी दिसली. खाकीतल्या माणसानं उघडायला लावली. उघडली. त्यानं पाहिलं, मान थोडी वाकवली, स्वतःच झाकण लावून दिलं. मागच्या लोकांना वाटलं काय सापडलं हिच्याजवळ.
विमानात कुंदानं डोळे घट्ट मिटून घेतले ते उतरेपर्यंत. खिडकीची जागा तिचीच. फुकट गेली.

इथं हवा ओली, आपल्या भादव्यासारखी. रस्ते धुतल्यासारखे. हॉटेल लहान पण स्वच्छ, एका खोलीत तिघी, पलंग पांढरेशुभ्र, बसायला भीती वाटावी असे. बाळाला स्टीलच्या वाटीत आंघोळ घातली, प्यायच्या पाण्यानं. तीर्थ मोरीत कसं टाकणार, खिडकीतल्या कुंडीला घातलं. संध्याकाळी नदीवर नावेतून फिरलो. दोन्ही काठांवर देवळांचे कळस, दिवे लागलेले. नावेतून उतरताना सवितानं हात धरला माझा, घट्ट.

शनि. १५ नोव्हें. एकादशी
सकाळी : आंघोळी, बाळाची पूजा, राजगिरा लाडूचा नैवेद्य. बाहेर ऊन फार. कुंदा म्हणाली त्याला कशाला तापवता, राहू दे गार खोलीत. मलाही पटलं. नाही तरी दुपारी त्याला निजवायचं असतं. उशीजवळ पांढऱ्या छोट्या टॉवेलची घडी करून निजवला, वरून दुसरा टॉवेल पांघरला.

संध्या. :
हात चालत नाही लिहायला, पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

निजलेले बुद्ध पाहिले. एवढे मोठे की एका नजरेत मावत नाहीत, चालत चालत पाहावं लागतं. तळपायांवर शिंपल्यांची नक्षी. सविता पायांशी उभी राहिली ती हलेचना. तिच्या डोळ्यांत पाणी. मी बाजूला झाले. नारळपाणी घेतलं, केळी खाल्ली. छान दिवस होता.

तीनला खोलीत आलो तर पलंग नवा. चादरी बदललेल्या, उशा फुगवलेल्या. टॉवेल नाही, बाळ नाही.

पलंगाखाली, गादीखाली, मोरीत, कचऱ्याच्या डब्यात, तिघींच्या बॅगांत, पाहिलं तिथंच परत पाहिलं. चूक माझीच. पांढऱ्यावर पांढरं पांघरलं. काम करणाऱ्या बाईला काय दिसणार? तिनं गोळा केलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, धुवायचे कपडे दुपारीच गाडीतून गेले, ते काम गावाबाहेर होतं. हे सविताला समजलं, तिनं मला सांगितलं. सांगताना माझ्याकडं पाहिलं नाही.

मी बोलून गेले. म्हटलं, तुह्या बुद्धापायी झालं हे.

कुंदानं माझा हात दाबला. सविता माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "माहा बुद्ध आहे तिथंच आहे. तुहं काय हरपलं ते पाहू आधी."

फोनमध्ये बाळाचा एकही फोटो नाही. देवाचे फोटो काढायचे नाहीत ही सासूबाईंची शिस्त. मुलीला सांगायचं कसं? सवितानं काउंटरवरचाच कागद घेतला आणि चित्र काढलं. रांगणारं बाळ, एक हात वर, हातात लोण्याचा गोळा. फळ्यावर काढायची सवय, एका झटक्यात हुबेहूब काढला. तिनं तो आमच्या घरी कधी जवळून पाहिलाही नसेल. या दोन दिवसांतच पाहिला, तेवढ्यावर.

मुलीनं फोन केले. खोलीची बाई घरी गेली, फोन उचलत नाही. उद्या सकाळी येईल. कपड्यांच्या गाडीवाल्यालाही चित्राचा फोटो पाठवला.

सासूबाईंचा फोन आला होता. उचलला नाही. ह्यांना मेसेज केला, "रेंज नाही." एकादशीच्या दिवशी खोटं.
सवितानं माझ्यासमोर सोललेलं केळं ठेवलं, स्वतः चिवडा घेतला आणि लांब जाऊन खाल्ला, माझ्या उपवासाला वास नको म्हणून.
कुठं असेल बाळ? उपाशी आहे

रवि. १६ नोव्हें.
सापडला. सापडला. सापडला.

नीट लिहिते. उठले ती तशीच खाली गेले, तोंडावर पाणी मारून, आंघोळ न करता. लग्न झाल्यापासून आंघोळीआधी घराचा उंबरठा ओलांडला नसेल मी. सविता मागून आली, तिची आंघोळ झाली होती, केस ओले. कुंदा गाऊनवर शाल घेऊन.

खोलीची बाई आली. माझ्याच वयाची, बुटकी, चष्मा. सवितानं चित्र पुढं केलं. बाईनं पाहिलं आणि हसली. माझं मनगट धरून बाहेर नेलं, दारासमोर.

तिथं एका खांबावर छोटंसं देऊळ आहे, सोनेरी, पोपटाच्या पिंजऱ्याएवढं. येता-जाता मी पाहिलंच नव्हतं, नजर रस्त्यावर. आत मातीचे हत्ती, नाचणाऱ्या बाहुल्या, उदबत्त्या. आणि मधोमध, त्याच टॉवेलच्या घडीवर, माझा बाळ. गळ्यात मोगऱ्याचा हार, त्याच्यापेक्षा हारच मोठा. पुढं केळं आणि लाल सरबताची बाटली, झाकण उघडून नळी घातलेली, त्याला पिता यावी म्हणून.

बाईनं गालाखाली तळहात धरून दाखवलं : झोपला होता. मग हात जोडले. मग देवळाकडं बोट. एवढंच. मला सगळं समजलं. देव दिसला, त्याला टेबलाच्या खणात कशाला ठेवायचं, देवाजवळ ठेवायचं. मीही तेच केलं असतं.

हात पुढं केला आणि मागं घेतला. आंघोळ नाही. पारोशानं कधी शिवले नाही त्याला. सविता म्हणाली, मी उभी राहतो इथंच, तू आंघोळ करून ये. तिचं बरोबर होतं. पण त्याला परत नजरेआड करायला पाय उचलेनात. तिला म्हटलं, तू घे ना त्याला.

तिनं ओले केस मागं बांधले. मग म्हणाली, "उचलतो मी. हात नाही जोडनार."
"नोको जोडू," म्हटलं.

तिनं उचलला. आधी हार सोडवला, मग डोक्याखाली बोट देऊन, जसं खऱ्या लेकराला घेतात तसा, ओंजळीत. लिफ्टमधून वर आणला. मी आंघोळीला गेले, घाईत साबणही लावला नसेल. बाहेर आले तर सविता खोलीच्या मधोमध तशीच उभी, ओंजळ पुढं धरून. बसलीही नव्हती. म्हटलं बस की. म्हणते, "ठेवाचं कुठं ते सांगतलंच नाही तुनं. हात भरून आले माहे."
कुंदा हसायला लागली. मग मी. मग सविता. पोट दुखेपर्यंत हसलो तिघी.

कालच्या बोलण्याबद्दल माफी मागायला गेले तर म्हणाली, चहा सांग आधी, डोकं दुखून राहिलं.

त्या बाईला उरलेले राजगिऱ्याचे लाडू डब्यासकट दिले. तिनं एक हुंगला आणि सरळ नेऊन त्या छोट्या देवळात ठेवला. म्हणजे नैवेद्य दोन्हीकडून झाला. एकादशीला तो लाल सरबत प्यायला, त्याचं काय करायचं ते तोच जाणे.
सकाळी बाजार पाहिला म्हणतात. मी पाहिला असेन, आठवत नाही. बाळ पोटाशी, दोन्ही हात पर्सवर. संध्या. विमान.

मंगळ. १८ नोव्हें. घरी
ह्यांनी वरठीला आणायला गाडी पाठवली. वाटेत दोन्ही बाजूंना कापलेलं धान, पेंढ्या बांधलेल्या. हा वास तिकडं नव्हता.

सांगायचं की नाही, हा विचार हावड्यापासून. कुंदा म्हणाली सांगू नोको, सापडला ना, संपलं. सविता काहीच म्हणाली नाही. तिचं नाव त्यात आहे, म्हणून म्हणाली नसेल.
न सांगता देव्हाऱ्यात ठेवला असता तर रोज सकाळी त्याच्या तोंडाकडं कशी पाहणार होते मी?

सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. पाय धुतले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. डबी न उघडता सगळं सांगितलं. पांघरलेला टॉवेल, परक्यांचं देऊळ, लाल सरबत. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग उचललं कोनं? तू त पारोशी."
"सवितानं."
"आपल्या सवितानं? मास्तरनीनं?"
हो म्हटलं.
बाहेर मळणीचं मशीन चालू होतं.
"तिची आंघोड झाली होती?"
"झाली होती."
त्यांनी हात पुढं केला. डबी दिली. थरथरत्या हातानं स्वतः उघडली, मला उघडू दिली नाही. पाहिलं त्याच्याकडं. मला वाटलं आता गोमूत्र आण म्हणतील, पंचामृत म्हणतील. म्हणाल्या, "सुकला नाही. बरा दिसते." आणि भिंत धरत उठल्या, स्वतः जाऊन जागेवर बसवला.

मी स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिले. मग भात टाकला. इतका हलका जीव कित्येक दिवसांत झाला नव्हता.

गुरु. २० नोव्हें.
खर्च मोठ्या वहीत उतरवून झाला. ह्यांनी पाहिला, काही बोलले नाहीत, म्हणजे ठीक.
गावात कुंदा सांगत सुटली आहे. दुकानात माल घ्यायला येणारा प्रत्येक जण बाळाची गोष्ट घेऊन जातो. तिच्या सांगण्यात आता पोलीसही आले आहेत.

सासूबाई आज म्हणाल्या, "सविताले बोलाव एकदा."
काहून, विचारलं.
"चहाले. का बोलवाचं नाही?"
आशीर्वाद द्यायचा आहे की दोन शब्द सुनवायचे आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाच कधी कळलं नाही. सविताला फोन केला. तिलाही हाच प्रश्न. म्हणाली, "बोलावतेत त येतो. शनिवारी शाळा सकाळची राहते." मग हळूच, "हात जोडा लागतीन का वं?"
माहीत नाही म्हटलं.

शनि. २२ नोव्हें.
सविता दुपारी येणार.
इतक्या वर्षांत ती आमच्याकडं आली की ओसरीवरच बसते. कोणी बस म्हटलं नाही, कोणी आत ये म्हटलं नाही, तसंच चालत आलं. मीही म्हटलं नाही कधी. बाळाजवळून ओसरी दिसते, ओसरीवरून आतल्या अंधारात बाळ दिसत नाही.

सकाळची पूजा झाली. सासूबाई देव्हाऱ्यासमोर बसून होत्या. म्हणाल्या, "पाहुण्याचा पाट काढ. धुऊन घे."
माळ्यावरून काढला, पितळी फुलांचा, पोरांच्या लग्नांनंतर वापरलेला नाही. चिंचेनं फुलं घासली, उन्हात वाळवला.
कुठं मांडू, ओसरीवर की आत, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही. पाट दाराला टेकवून उभा केला आहे, मधल्या दाराला. आधण ठेवलं. तिची गाडी वाजली वाटते