न वाजणारी तलवार

१९९८. उद्या खंडेनवमी.

घेतली. स्वतःची तलवार घेतली. तालमीत मर्दानी खेळ शिकते, पण इतके दिवस दुसऱ्याचीच उसनी फिरवत होते.

दुकानदार आधी मखमली म्यानातल्याच दाखवत होता. मी एकेक कानाशी धरून हलवली. प्रत्येकीची मूठ खुळखुळली. तो हसला, "वहिनी, नारळ घेताय व्हय?" म्हटलं, नारळ वाजावा लागतो, तलवार न्हाय. मूठ वाजली की पातं आत नुसतं चिकटवलेलं, पहिल्याच वाराला निसटायचं. मग कोपऱ्यातली एक काळपट, बिनम्यानाची हलवली. गप्प. पुन्हा हलवली. गप्पच. "म्यान न्हाय तिला, कोण घेतंय," म्हणत त्यानं निम्म्यात दिली. म्यान काय, जुन्या जीन पँटचं शिवीन की मी.

धाकधूक सासूबाईंची होती. खंडेनवमीच्या पाटावर दरवर्षी माझं हत्यार म्हणून त्या विळीच ठेवतात. आजही पूजेची मांडामांड करताना ठेवलीच होती. त्यांनी तलवार बघितली. घेतली, कानाशी नेली, हलवली. मग पाटावरची विळी उचलून माझ्या हातात दिली.

"ही ने सैपाकघरात. हितं तुझी तलवार बसू दे."