अर्धा सूर खाली लावलेला पियानो

मी, वय वर्षे एकोणऐंशी, काम पियानो वाजवणे, चष्म्याशिवाय अधू पण कानांनी अजून धड, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि खाली वेगळे न दिलेले घरातले सर्व सामान माझ्या भाचीला द्यावे. स्वयंपाकघराचा नळ गळतो. तिने तो माझ्यासारखा चिंधी बांधून चालवून घेऊ नये.

२. हाताने उतरवून घेतलेल्या एकवीस वह्याही भाचीलाच. ज्यांची नावे आज कोणी घेत नाही अशा जुन्या रचनाकारांचे काम त्यांत आहे. त्यांतल्या एका शाळामास्तरणीच्या रचना मी जन्मभर वाजवल्या, एकदा तर अकरा श्रोत्यांपुढे, आणि त्यातले दोघे चुकून त्या दालनात शिरले होते. तिने पेडल दाबून धरायच्या ज्या खुणा केल्या आहेत, त्या आजच्या पियानोवर पाळल्या तर नुसता गोंधळ ऐकू येतो. माझ्या लाकडी पियानोवर सूर लवकर विरतो, तिथे त्याच खुणा बरोबर ठरतात. बाई चुकली नव्हती, हे भाचीने लोकांना वाजवून दाखवावे. आणि जरा सावकाश वाजवावे. गाडी सुटत नाही.

३. थोरल्या भावाला माझे फिरते स्टूल. लहानपणी तो त्यावर गरगर फिरून फुलदाणी पाडायचा आणि आईची बोलणी मी खायची. दुसऱ्याच्या वाटची बोलणी खाताना काय वाटते, ते मला तेव्हापासून ठाऊक होते. पुढचे कलम वाचताना हे ध्यानात ठेवावे.

४. माझा जुना पियानो खुंटीमास्तरांना द्यावा. हे नाव मीच ठेवले. तेहतीस वर्षे ते माझ्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तारा सुरात लावायला येतात. या पियानोत लोखंडी चौकट नाही, तारांचा सगळा ताण लाकडावर येतो, म्हणून तो आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली लावावा लागतो.

मास्तर तेव्हा ज्या सभागृहाचे पियानोही लावायचे, तिथे सव्वीस वर्षांपूर्वी माझा सेलोबरोबर कार्यक्रम ठरला होता आणि माझा हाच पियानो तिथे नेला होता. सेलोवाले अर्धा सूर उतरायला तयार नव्हते. मी मास्तरांना म्हटले, "चढवा. जबाबदारी माझी."

ते म्हणाले, "बाई, लाकूड आहे हे. ऐकणार नाही."

मी हट्ट सोडला नाही. त्यांनी तीन दिवस घेऊन हळूहळू तारा चढवल्या. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी पट्टी मोडावी तसा आवाज झाला आणि तारांखालच्या फळीला चीर गेली. व्यवस्थापकांनी विचारले, "कुणाचं काम हे?" मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. मास्तर म्हणाले, "माझा अंदाज चुकला."

सभागृहाचे काम त्यांच्या हातून गेले ते कायमचे. "त्या माणसानं तुझा पियानो फोडला," असे माझा भाऊ आजही जेवताना म्हणतो आणि मी मूग गिळून वाढत राहते. मास्तर मात्र पुढच्याच सोमवारी आले, चिरेत लाकडाची बारीक पट्टी बसवली, चहा घेतला आणि गेले. एक खालचा सूर तेव्हापासून थरथरतो. तो तसाच राहू द्यावा.

चूक माझी होती, आणि खापर मी त्यांच्यावर फुटू दिले. हे कलम त्या सभागृहात, माझ्या भावाला पहिल्या रांगेत बसवून, मोठ्याने वाचावे.

माझ्या माघारी वाचले जावे म्हणून मी हे लिहिले होते. लिहून झाल्यावर त्याचीही लाज वाटली. आज पहिला सोमवार आहे. मास्तर शेजारच्या खोलीत तारा लावत होते. त्यांना बोलावून, मृत्युपत्रासाठी आलेल्या वकिलांकडून हे कलम वाचून घेतले. मास्तर खुंट्या फिरवायची किल्ली हातात घेऊनच आले होते. मग म्हणाले, "खुंटी मीच फिरवली ना, बाई? काढून टाका ते. पियानोचं बघू."

त्यांचे म्हणणे इथे नोंदवले आहे. मान्य केलेले नाही.

५. पियानो संग्रहालयात, दोरीच्या पलीकडे ठेवू नये. मास्तर माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेत. त्यांनी भाचीला खुंट्या फिरवायला शिकवावे आणि तिचा हात बसला की पियानो तिला द्यावा. तिने तो अर्धा सूर खालीच ठेवावा, मग समोर कोणीही सेलोवाला येवो.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिले आहे.

सही: पियानोवाली

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्य. सही.
साक्षीदार दुसरे: समोरचे पुस्तकबांधणी करणारे. सही.

स्थळ: माझे राहते घर. तीन सप्टेंबर, सोमवार, दुपार.

हजर, पण साक्षीदार नव्हेत: खुंटीमास्तर. त्यांनी सहीसाठी खिशातून पेन काढले होते. मी नको म्हटल्यावर ते खिडकीपाशी जाऊन बसले. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. मास्तर, कारण एवढेच आहे.