चुन्याची रेघ

३० एप्रिल

पहाटेची फेरी. गाव झोपलेलं, फक्त कारंजं जागं. बर्फ वितळतंय, नदी पुलाखालून धडधडत चाललीय. उजेड एकट्या लोनीच्या बेकरीत.

"वखारवाले, रोज तोच पाव? कंटाळा नाही येत?"

"पावाचा नाही येत," मी म्हटलं. स्वतःवरच खूश झालो!

मग ती म्हणाली, मुलगा शहरात, क्लागेनफुर्टला बोलावतोय, कायमचं. बेकरी विकायची म्हणतो. मी काय बोलावं? "मुलाकडे सुख असतं." गाढव!

१ मे

दार उघडलं तर उंबऱ्यापासून पांढरी रेघ! चुन्याची. कारंज्याला वळसा, पूल, चर्चची भिंत — आणि थेट बेकरीच्या मागच्या दारात.

ज्यांचं चोरून जमलंय त्यांची दारं गावची पोरं दर वर्षी एक मेच्या आदल्या रात्री अशी जोडतात. पण एकोणसत्तराव्या वर्षी? आधी हसू आलं. खोटं कशाला लिहू — छातीत ऊबही आली.

मग तिचा विचार आला. दोघंही एकटी, पण बायका चर्चला जाताना रेघ बघणार, आठवडाभर चघळणार. खराटा आणला, कारंज्यातून पाणी भरलं. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत सगळं घासून काढलं, पहिली घंटा व्हायच्या आत. बेकरीत दिवा होता, पण बाहेर कोणी आलं नाही. लोनीची अब्रू वाचवली!

२ मे

"अजून काही हवंय, सेव्हरिनसाहेब?" लोनीने पाव पुढे सरकवत विचारलं.

साहेब?

६ मे

दुकानात पाद्रीबाबांची स्वयंपाकीण होती. लोनी तिला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, "जाणार मी. इथे कोणाचं अडलंय माझ्यावाचून?"

ओंडक्यावर थाप मारली की आतली पोकळी मला ऐकू येते. ओंडके वाहायचो तेव्हापासूनचा कान आहे, त्यावरच वखार उभी केली. पण तिच्या आवाजात काय होतं ते घरी येईस्तोवर उमगलं नाही. अजून नाही.

९ मे

पांक्राझच्या खानावळीत सूप घेत होतो. सहज विचारलं, "काय रे, रेघेसाठी पोरांनी यंदा चुना कोणाचा ढापला?"

"कसला चुना? खालच्या गावचे आपला मेच्या सणाचा उंच खांब पळवणार अशी खबर होती. सगळी पोरं रात्रभर खानावळीमागे खांबाला चिकटून! एक हलला नाही. बिअर मीच पुरवत होतो. यंदा रेघबिघ काही नाही, आजोबा."

सूप गार झालं.

पोरं नाहीत, तर कोण? त्या वेळी गावात जागं असतं तरी कोण? पीठ मळायला पहाटे तीनला उठणारं एकच माणूस!

रेघ मी माझ्या उंबऱ्यापासून वाचली. ती सुरू झाली होती दुसऱ्या टोकाला. आणि मी खराटा घेऊन तिच्याच खिडकीखाली घासत बसलो — ती आतून बघत असताना!

१० मे, रविवार

चर्च सुटलं, चौक भरला, तेव्हा चुन्याची बादली घेऊन माझ्या उंबऱ्यापासून रेघ ओढत निघालो. "अहो, पहिली तारीख कधीच उलटली!" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. पुलाच्या मध्यावर माझा चुना संपला.

उरलेली रेघ लोनीने ओढली.