चार वाजून अकरा मिनिटं

५ जानेवारी, सोमवार

आज रुजू झालो. निवृत्तीनंतर सात महिने घरी बसून बायकोच्या, म्हणजे सुमेधाच्या, स्वयंपाकघरात लुडबुड केली, तेव्हा शेवटी तिनेच ही नोकरी शोधून आणली. यात माझ्या सोयीपेक्षा तिची सुटका जास्त आहे. पण काम मजेचं आहे. जेल रोडला देवव्रत डॉक्टरांचं प्रसूतिगृह आहे, तिथल्या जन्मनोंदी ठेवायच्या. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी चौतीस वर्षं कंट्रोल रूमचं लॉगबुक लिहिलं आणि एका मिनिटाचीही लबाडी केली नाही, हे डॉक्टरांच्या कानावर आधीच गेलं होतं. ऐकून छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

पद्धत अशी. प्रसूतीच्या खोलीत भिंतीला एक बटण आहे. बाळ पहिल्यांदा रडलं की भागीबाई, म्हणजे इथली जुनी आया, ते दाबते. माझ्या टेबलावर घंटा वाजते आणि मी कॉम्प्युटरचं एंटर दाबायचं. तेव्हा घड्याळात जी वेळ असेल ती जन्मवेळ म्हणून पडते. हाताने वेळ टाकता येत नाही आणि पडलेली नोंद पुसता येत नाही. पत्रिकेसाठी चार मिनिटं इकडेतिकडे करा म्हणून गळ घालणारे नातेवाईक डॉक्टरांनी जन्मभर पाहिलेत, म्हणून त्यांनी मुद्दाम तसं करून घेतलंय.

आणि त्या घड्याळावर तरी भरवसा का ठेवायचा? तर रोज सकाळी आठला मोडेम लावायचा. तो टेलिफोनच्या तारेवरून अणुघड्याळाच्या सेवेचा नंबर फिरवतो, किंचाळल्यासारखी शिट्टी मारतो, बरोबर वेळ घेतो आणि वीस सेकंदांत लाइन आपोआप तुटते. मग पडद्यावर ओळ येते. आज आली: घड्याळ दोन सेकंद मागे होतं, दुरुस्त केलं. हल्ली हे सगळं इंटरनेटवर फुकट होतं असं मी म्हटलं. डॉक्टर म्हणाले, पंचवीस वर्षं बिनतक्रार चाललंय, त्याला हात लावायचा नाही.

आधीचे कारकून सावळीराम किल्ल्या देऊन गेले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. मोडेम लावला की बाहेर जाऊन चहा घेत जा, एवढंच म्हणाले.

११ जानेवारी, रविवार

आठवड्यात सहा बाळंतपणं झाली. थंडी मरणाची आहे आणि गुडघे माझं ऐकत नाहीत. लेक संपदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस फेब्रुवारीच्या मध्याचे आहेत आणि नाव इथेच घातलंय. नातवाची वेळ मीच टिपणार म्हणून ती मला चिडवते. सुमेधा आत्तापासून पंचांग उघडून बसली आहे.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. लिहून ठेवतो, कारण लॉगबुकात लपवाछपवी करायची मला सवय नाही.

चार सतराला घंटा वाजली. एंटर दाबणार तोच एक म्हातारी धावत आत आली आणि तिने माझा हात धरला. कुसाबाई तिचं नाव, निफाडकडची. नातू झाला होता, पण सव्वाचारला मूळ नक्षत्र लागलं होतं. "मुळावरचं पोर बापाला जड जातं वो भाऊ. माझा शेखर एकुलता एक हाय." शेखर सातपूरला कारखान्यात असतो. तो दारात खाली मान घालून उभा होता. म्हातारीने माझ्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिला उठवायला मला वाकता येईना.

खरं सांगायचं तर कीव आली त्याहून जास्त कंटाळा आला. वाद घालायचं त्राणच नव्हतं. या सगळ्यात चार एकोणीस झाले होते. कॉम्प्युटरचं घड्याळ मागे घेऊन चार अकरा केलं आणि एंटर दाबलं. मग घड्याळ जागेवर यावं म्हणून मोडेम लावला. ओळ आली: घड्याळ आठ मिनिटं मागे होतं, दुरुस्त केलं. शिट्टीच्या शेवटी कुणीतरी रडण्याआधी श्वास घ्यावा तसा आवाज झाला. आत बाळ मोठ्याने रडत होतं, ते एकदम गप्प झालं. दूध मिळालं असेल असं वाटलं.

१७ जानेवारी, शनिवार

चार अकराला घंटा वाजली. भागीबाई माझ्यासमोर चहा पीत बसली होती आणि प्रसूतीची खोली रिकामी होती. घंटेपाठोपाठ रडणं ऐकू आलं. बारीक, आणि शेवटी उचकी लागल्यासारखं. भागीबाईला विचारलं तर तिला ना घंटा ऐकू आली होती ना रडणं.

बटण उघडून तारा तपासल्या. यात तरी मी नवशिका नाही. तारा ठीक आहेत.

१९ जानेवारी, सोमवार

पुन्हा चार अकरा. पुन्हा ती उचकी.

२२ जानेवारी, गुरुवार

कुसाबाई नातवाला घेऊन आली. शुक्रवारपासून पोर रडलेलंच नाही. दूध पितं, डोळे उघडतं, तोंड वासतं, पण आवाज नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती पाहिली, त्यांना काही सापडलं नाही. कुसाबाई माझ्याकडे आशेने बघत होती. मी कागद चाळत बसलो.

भागीबाईने मला जिन्याखाली गाठलं आणि काय टाइम लिहिला म्हणून विचारलं. सांगितलं. ती खालीच बसली.

"पाचवीच्या राती सटवाई कपाळावर लिवायला येती. तिला खरा टाइम लागतो. तुमी लिवल्या टायमाला पोर पोटातच व्हतं. मंग ती कुनाच्या कपाळी लिवणार?"

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आज चार अकराला कान दाबून बसलो होतो.

२७ जानेवारी, मंगळवार

सावळीरामांचं घर शोधून काढलं. त्यांनीही घड्याळ मागेपुढे करून वेळा बदलल्या होत्या. अकरा वर्षांत सात. म्हणाले, आता कानाने काही ऐकू येत नाही, तरी ती सात ऐकू येतात. त्या मुलांचं पुढे काय झालं ते मी पाटीवर लिहून विचारलं. त्यांनी त्याखालीच उत्तर लिहिलं. एकही वर्षाचं झालं नाही.

घरी आलो. संपदाने पाय चेपून देऊ का म्हणून विचारलं. नको म्हटलं. मला तिच्या पोटाकडे बघवेना.

३ फेब्रुवारी

नोंद पुसायची म्हणून तीन दिवस खटपट केली. पुसता येत नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. वेळ बदलल्याबद्दल ते भयंकर चिडले, उरलेलं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. दुसरा माणूस मिळाला की जा म्हणाले.

सकाळी मोडेम लावून बाहेर गेलो नाही, मुद्दाम ऐकत बसलो. शिट्टीच्या आत ती पोरं रडतात. मोजली. आठ. आठवं उचकीचं.

९ फेब्रुवारी

सुमेधाने पंचांग पुढे केलं. गुरुवारी दुपारी तीनपासून मूळ. पोरीचे दिवस भरलेत. तेव्हाच झालं तर थोडं मागेपुढे कर म्हणाली, आपल्या जावयाच्या जिवाचा प्रश्न आहे. छत्तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो. मग दोघंही रडलो.

शपथ घेतली आहे. जी वेळ असेल तीच लिहीन. एका सेकंदाचा फरक करणार नाही.

११ फेब्रुवारी

कुसाबाईचा नातू गेला. सकाळी.

चार अकराला घंटा वाजली. तो गेला, तरी वाजली. रडणं आज जवळून आलं. टेबलाच्या या बाजूने —

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आठ. मोडेम लावला. घड्याळ बरोबर, शून्य सेकंद. आणखी दोनदा लावला. शून्य. शून्य.

दोन वाजता संपदाला आत नेलं. सुमेधा तिच्याजवळ. माझ्याशी बोलली नाही.

साडेतीन. कॉम्प्युटरसमोरून उठलेलो नाही. वहीत मिनिटागणिक लिहितो आहे, लॉगबुकासारखं.

चार अकरा. घंटा. रोजचीच. बोट एंटरवर होतं, ते मागे घेतलं. तीच उचकी. कान झाकले —

चार सोळा. भागीबाई धावत आली. मुलगी झाली. पाच मिनिटं झाली म्हणते. "दोनदा घंटी दाबली, तुमी आसं बसून काय राहिलात!"

खरीच होती. आजची घंटा खरीच —

मुलगी रडते आहे. इथवर ऐकू येतं. भरदार. संपदा अशीच रडायची.

आता दाबलं तर चार सोळा. खोटं. खरं लिहायचं तर घड्याळ मागे घ्यावं लागेल. पण मी खरंच लिहितो आहे. खऱ्यासाठीच —

मागे घेतलं. चार अकरा. दाबलं.

पण चार अकराला दोघं रडली. मी नोंद कुणाची केली?

मोडेम लावला. शिट्टी. आत मुलगी क्षणभर गप्प. मग पुन्हा रडणं. बारीक. शेवटी उचकी.

नाही —

सुमेधा दारात. हसते आहे. ये म्हणते, बघ कशी रडते. तिला कळलेलं नाही. कुणालाच —

मोडेम पुन्हा लावला. शिट्टीत मोजली. आठच. उचकीचं नाही त्यात. त्याच्या जागी एक नवीन. भरदार.

आमची इथे आहे. या तारेत. लाइन वीस सेकंदांत तुटते. कशी धरून ठेवू — सतरा — सुमेधा, थांब, हाक मारू नकोस, मला ऐकू — अठरा — बाळा, मी इथेच — एकोण