आंबेहळद कोण, हे अक्काला सांगू नकोस

ती. रत्नाकरदादास,

देवासहून तुझ्या मावसबहिणीचा, देवश्रीचा, खोलीचं दार लावून घेऊन केलेला नमस्कार.

“देवश्री, तू घाबरलीस की फार व्यवस्थित वागतेस,” असं तू मला एकदा म्हणाला होतास. धारला तुमच्याकडे माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती आणि मी उरलेल्या बरण्या उंचीप्रमाणे लावत बसले होते, तेव्हा. आज सकाळपासून मी कपाटातल्या साड्या रंगाप्रमाणे लावल्या आहेत, यावरून काय ते समज. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर? अक्काची तब्येत विचारत नाही. तुझी आई ठणठणीत आहे याचे पुरावे मला इंटरनेटवर रोज मिळतात, आणि भीती त्याचीच आहे. (फोन तू स्पीकरवर घेतोस आणि तुझं व्हॉट्सअ‍ॅप अक्का तुझ्याआधी वाचते, म्हणून हे पत्र तुझ्या वकिलीच्या ऑफिसवर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस.)

तुला ठाऊक आहे, दर रविवारी मराठी समाजाच्या हॉलमध्ये मी नवख्या लोकांना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवते. सगळे घाबरलेले असतात. कारखान्यातला अंशुल मशीनला घाबरत नाही, पण ‘बदल प्रकाशित करा’ या बटणावर बोट नेऊन विचारतो, “ताई, हे दाबलं की पूरी दुनियेला दिसेल ना? कुछ गडबड हो गई तो?” मी म्हणते, अरे, इथे काही कायमचं बिघडत नाही, जुनं सगळं परत आणता येतं. (हे मी इतक्या शांतपणे म्हणते की माझाच विश्वास बसतो.) समाजाचे वयस्कर चिटणीस जयसिंगराव मात्र कशालाच भीत नाहीत. त्यांनी देवासच्या लेखात आपल्या घराचा रस्ता लिहिला आणि शेवटी ‘फाटकाशी येऊन हाक मारावी, कुत्रा बांधलेला असतो’ असं जोडलं. ते काढायला मी अंशुलला सांगितलं, तर तो उभाच राहिला. “मोठ्यांचं लिहिलेलं मी कसं मिटवू? घरी पापांना कळलं तर?” आपल्याकडे हीच अडचण आहे बघ. ज्ञानकोश म्हणतो, कुणीही कुणाचंही वाक्य सुधारावं. आपण म्हणतो, आधी वय सांगा. म्हणून थोरामोठ्यांची वाक्यं काढायचं काम माझ्याकडे येतं. तिथे खऱ्या नावाची सक्ती नाही, म्हणून मी ‘आंबेहळद’ या नावाने लिहिते. वर्गात हे कुणाला माहीत नाही.

अक्का धारहून व्हिडिओ कॉलवर वर्गाला बसते. तिने बागलीच्या लेखात एक वाक्य घातलं: ‘येथील मुलींच्या शाळेत सुमंगलाबाई शिकवीत, एखादी मुलगी आली नाही तर त्या स्वतः तिच्या दारात जाऊन बसत व तिला घेऊनच उठत.’ दादा, ते आंबेहळदने काढलं. म्हणजे मी काढलं. माझ्याच आईबद्दलचं.

करणार काय? संदर्भ नव्हता. वर्तमानपत्रात नाही, पुस्तकात नाही. दुसऱ्या कुणाच्या आईचं असतं तर काढलंच असतं ना? मग माझ्या आईचं ठेवलं तर रविवारी कुठल्या तोंडाने शिकवू? अक्काने आंबेहळदच्या चर्चापानावर, म्हणजे निरोप ठेवायच्या पानावर, लिहिलं: ‘चि. आंबेहळद हिस अनेक आशीर्वाद. (नावावरून बाई दिसतेस.) तू कुणाची? माहेर कुठलं? माझ्या बहिणीचं वाक्य का काढलंस?’ मी लिहिलं, कृपया संदर्भ द्यावा. तिचं उत्तर आलं: ‘संदर्भ मी आहे. सख्खी मोठी बहीण.’ ते वाचून मी उठले आणि सगळे पडदे धुवायला टाकले.

त्यानंतर तिने प्रतिज्ञापत्राचा फोटो चढवला. स्टँपपेपरवर, ‘मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की’ वगैरे. नोटरीच्या शिक्क्याआधी मी तुझी सही ओळखली. दादा, तू वकील माणूस, तुला थांबवता आलं नाही का? प्रतिज्ञापत्र तिथे चालत नाही. तेही मीच काढलं. आता तिने इंदूर, महू, उज्जैन इथल्या सगळ्या व्याह्या-विहिणींना कामाला लावलं आहे की आंबेहळद कुणाची ते शोधा. मलाही फोन आला होता. “देवी, तू त्या लोकांना ओळखतेस. सापडली की सांग, मी चिवडा घेऊन तिच्या दारात जाऊन बसते.” मी म्हटलं, हो अक्का, बघते.

आणि येत्या रविवारी ती बसने देवासला येते आहे. त्या दिवशीचा धडा आहे ‘इतिहास पाहा’. कुठलं वाक्य कुणी काढलं ते मी माझ्या खात्यावरून भिंतीवर मोठं करून दाखवायचं. (आजवर अंशुलच्या खात्यावरून भागवलं, पण एका झटक्यात उलटवायचं बटण नवख्यांच्या खात्यात नसतं.) कोपऱ्यात माझं नाव दिसेल, आंबेहळद. धडा पुढे ढकलता येत नाही, जयसिंगरावांनी शिऱ्यासकट जाहीर करून टाकला आहे. अक्का ओरडेल याची भीती नाही रे. ती चष्मा डब्यात ठेवेल आणि पुन्हा एक ओळ लिहिणार नाही, याची आहे. आईला मुलींच्या दारात बसलेलं पाहिलेलं आता तिच्याखेरीज कोण आहे? मी तर तेव्हा घरी कुलपाबाहेर बसून तिची वाट पाहत असे.

तेव्हा काहीही कारण काढ, पण अक्काला रविवारी धारमध्येच ठेव.

घाबरलेली,
देवश्री

ता. क. नको, ठेवू नकोस. अडवलीस तर ती शनिवारीच निघेल. येताना तिनेही तुझ्यासारखा गुडघ्याला पट्टा मात्र आठवणीने बांधावा म्हणावं.

ता. क. पुन्हा. खरं सांगायचं ते हे. आईचं वाक्य मला घालता येत नाही, मी तिची मुलगी. अक्काने परत घातलं तर भांडण होईल. तू घाल. खातं उघडायला मी शिकवते. मला ते काढावं लागेल, मी काढीनही. तू पुन्हा घाल. मधल्या वेळात तरी आई तिथे कुणाच्या दारात बसलेली दिसेल. ‘कुणीही उठून लिहितं तिथे मी लिहीत नाही’ हे तू मला अनेकदा ऐकवलं आहेस, आणि नियम माहीत असून मोडायला तर तू अजिबात तयार होणार नाहीस. तरी विचारते. घालशील?