एक्केचाळीसला सहा, आणि गॅरेज लेकीला

मी, ट्रकच्या मागच्या आसाचा मिस्त्री, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या धाकाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर येऊन बोलावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली ठेव पत्नीच्या हयातीत तिची. तिच्यामागे दोन्ही मुलांना निम्मी निम्मी. यात भांडण्यासारखं काही नाही, तरी भांडतीलच.

कलम २. धाकट्या भावाने वीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांत आणून देतो" म्हणत नेलेला माझा मोठा टॉर्क पाना त्याच्याच नावे करतो. निदान माझ्यामागे तरी तो चोर ठरायला नको.

कलम ३. गॅरेज, जागेसह आणि हत्यारांसह, एकट्या मुलीला. मुलगा म्हणेल, "जिने पिनियन चुकीचं बसवून माझा ट्रक उलटवला, तिला गॅरेज?" म्हणून खरं काय ते लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी मुलाच्या दगड वाहणाऱ्या ट्रकला एक्केचाळीसला सहाचा जोड होता. मागच्या आसातल्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, एक्केचाळीस दाते, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला सहा. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे जवळजवळ सात फेरे. ट्रक धिमा, पण ओढायला रेडा. मुलाला डिझेल वाचवायचं होतं, म्हणून सदतीसला सात हवा होता. सपाटीवर तो वाचवतोही, शाफ्टचे फेरे पाचाच्या आसपास, इंजिन निवांत फिरतं. मुलगी म्हणाली, "बाबा, याला रोज माल भरून चढ चढायचाय. खालच्या गिअरात रडतखडत जाईल, उलट जास्त डिझेल पिईल, आणि एक दिवस अडकेल."

"दाते मोजायला मी शिकवलं तुला. आता मलाच शिकवतेस?" असं म्हणून शटर ओढलं आणि जोड मी एकट्याने बसवला.

तिसऱ्या आठवड्यात ट्रक चढावर अडकला. क्लच जळला, ब्रेक पुरला नाही, ट्रक मागे घरंगळून उलटला. ड्रायव्हरचा पाय मोडला. गॅरेजात सगळे जमले, तेव्हा मी सांगितलं, "पिनियन हिने बसवलंय." तिने बापाचं नाव राखलं, गप्प बसली. तेव्हापासून कोणी तिच्या हाती ट्रक देत नाही. माझी सगळ्यात हुशार कारागीर नट-बोल्ट धूत बसते. लाज वाटते मला. फार वाटते.

बसवण्यात चूक नव्हती. जोड निवडण्यात होती, आणि निवड माझी होती. भाऊबंदांनो, कोर्टात जायचं तर खुशाल जा. बाईमाणसाला गॅरेज झेपत नाही म्हणणाऱ्याने आधी भरल्या ट्रकला कुठला जोड लागतो ते सांगावं.

कलम ४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. लिहिता लिहिता कळलं, की मी मरणाच्या आड लपून कबुली देतोय. छे, ते नाही चालायचं. उद्या सकाळी गॅरेज उघडलं की सगळ्यांदेखत, तिच्यासमोर, हे मीच मोठ्याने वाचणार. मग तिने मला हाकललं तर निमूट निघेन.

साक्षीदार:
१. त्याच ट्रकचा ड्रायव्हर. (वाचून सही केली. मिस्त्रींना दोन शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही. उद्या येणार, आणि अकरा वर्षं तिलाच बोल लावला म्हणून आधी तिची माफी मी मागणार.)
२. शेजारचा टायरवाला.

स्थळ: गॅरेजची मागची खोली
दिनांक: ४ फेब्रुवारी
लिहून देणार: मिस्त्री (सही)